आमचं अपील घेत नव्हते

साहेबाने बांगडे भरलेली पिशवी माझ्या तोंडावर फेकली. बर्फाचं पाणी आणि माशांचं रक्त गळ्यावरून ब्लाउजात उतरलं. "लाच देतेस? चल, बाहेर हो. सगळं ऑफिस घाण केलंस."

चूक माझीच. आमच्या किनाऱ्यावर कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जात नाहीत. रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढलं की दोरीला हात लावणाऱ्या परक्यालाही वाटा मिळतो. मला तेवढीच रीत ठाऊक.

मी अपील घेऊन गेले होते. वाळूतली आमची जाळ्यांची खोप पाडायची नोटीस आली होती. तीस दिवसांत याच साहेबाकडे अपील करा, असं त्याच नोटिशीत छापलेलं. खोप गेली तर जाळं उन्हापावसात कुजणार, आणि जाळं गेलं की आम्ही संपलो. शेजारच्या हॉटेलाची भिंत पार भरतीच्या पाण्यात उतरलीय. तिला नोटीस नाही.

दुसऱ्यांदा गेले ती आंघोळ करून, नवी साडी नेसून. क्लार्क नाकाला रुमाल लावून म्हणाला, उद्या या. मग पुन्हा उद्या. एकोणतिसाव्या दिवशी मी साहेबाचं टेबल धरून उभी राहिले. तोवर अहो-जाहो करत होते. त्या दिवशी ते सुटलं.

"घेणस नाय, तर तसा लिवन दी."

त्याने शिपायाला खूण केली. शिपायाने अंबाडा धरून मला पायऱ्यांपर्यंत फरफटत नेलं. माझा पुढचा दात तुटला. उरलेले मी त्याच्या मनगटात रुतवले, हाड लागेपर्यंत. वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. सरकारी कामात अडथळा आणला म्हणून केस पडली ती माझ्यावरच.

कुडाळच्या वकीलबाईंनी त्याच दुपारी अपील स्पीड पोस्टाने पाठवलं. ऑफिसने तेही परत केलं. पोस्टमनने पाकिटावर लिहिलं, 'घेण्यास नकार'. साहेब जे लिहून देत नव्हता, ते पोस्टाने आम्हाला दिलं.

वकीलबाई हायकोर्टात गेल्या. कोर्टाने ते पाकीट पाहिलं. अपील कायद्याने दिलेलं आहे, ते घ्यायचं की नाही हे अधिकाऱ्याने ठरवायचं नाही, असा हुकूम झाला. घ्या, नंबर द्या, बाईचं म्हणणं ऐका. तोवर खोपीला हात लावू नका.

काल अपिलावर आवक शिक्का बसला. साहेबाने खुर्ची पुढे केली. "बसा ना, ताई." मी बसले नाही.

वाडीतल्या बायका म्हणतात, जिंकलंस गो. कसलं जिंकलं? सुनावणी त्याच्याचपुढे आहे आणि तो 'नाही'च म्हणणार. म्हणू दे. पण आता कारण लिहून, खाली सही करून म्हणावं लागेल. ती सही घेऊन मी परत कोर्टात जाणार. त्याला वाकवल्याशिवाय सोडणार नाही.