बॅट टाकायची नाही

आमच्या घरात बॅट टाकत नाहीत. नागपूरला कॉलेजच्या क्रिकेट टीममध्ये होते तेव्हापासूनची माझी शिस्त: खेळायला जाताना बॅट कपाळाला लावायची, चुकून पाय लागला तर नमस्कार करायचा. हीच शिस्त मी इथे अमेरिकेत, क्युपर्टिनोत लेकीला लावली आणि तिथेच घोळ झाला. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथेच टाकून पळायचं असतं. माझी दहा वर्षांची कन्या बॅट छातीशी धरून पळाली. सगळं मैदान हसलं.

"आय ॲम क्विटिंग, आई," घराच्या दारातच तिने जाहीर केलं. शिकवण माझी आणि खेळ सुटणार तिचा. पण लगेच चूक कबूल करेन तर मी कसली!

समोरच्या घरातले मेक्सिकन आजोबा कुंपणापाशी उभे राहून हे ऐकत होते. त्यांच्या वडिलांचे थोरले भाऊ इथल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये आलेल्या पहिल्या मोजक्या मेक्सिकन खेळाडूंपैकी. तो विषय निघाला की आजोबांना आवरणं कठीण. त्या दिवशी मात्र मीच त्यांना खुर्ची दिली.

"काका बॅटिंगला गेले की आधी बॅटच्या टोकाने मातीत क्रूस काढायचे," ते लेकीला सांगू लागले. "लोक हसायचे. टीममधले नक्कल करायचे. मॅनेजर म्हणाला, बंद कर हे. तरी त्यांनी शेवटच्या मॅचपर्यंत क्रूस काढला. तोवर आमच्या गल्लीतली सगळी पोरं तसाच क्रूस काढायला लागली होती."

"डिड ही क्राय?"

"पहिल्या वर्षी रोज. पण मॅच एकही चुकवली नाही."

शनिवारी ती गेली. बॅट कपाळाला लावली. कोणीतरी फिसकन हसलं. माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी शांतपणे हॅट काढून स्वतःच्या कपाळाला लावली. चेंडू झकास लागला आणि बाईसाहेब पुन्हा बॅटसकट सुटल्या.

"अगं, टाक ती बॅट!" मी किंचाळले. जन्मात पहिल्यांदा.

ती थबकली, माझ्याकडे पाहिलं, वाकून बॅट अलगद जमिनीवर ठेवली आणि मग धावली. अर्थातच आऊट.

मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात ती धापा टाकत आली.

"आई, नेक्स्ट सॅटरडेला मी बॅट अजून फास्ट ठेवीन."