मे महिन्यात वाहणारा ओढा

शिरवळच्या अलीकडे आमची दोन शेतं एकाच बांधाला लागून आहेत. वरचं माझं, खालचं माझ्या धाकट्या चुलतभावाचं. ओढा त्याच्या हद्दीतून जातो. वाटणी झाली तेव्हा पावसाळा सोडून तो कोरडाच असे, त्यामुळे त्याच्यासाठी कुणी भांडलं नाही. पुढे वरच्या अंगाला धातूला मुलामा देणारे कारखाने आले आणि ओढा मे महिन्यातही वाहू लागला. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी दिसलं की ते कुठून आलं हे कुणी विचारत नाही, नारळ घेऊन येतात. सैन्यातून सुभेदार होऊन परतलेल्या माझ्या या भावाने ते पाणी शेततळ्यात घेतलं, रोहू-कटला मासे सोडले आणि जलपूजन ठेवलं. मांडव, फेटे, भाषणं. पाहुण्या पुढाऱ्याने ओढ्याला जीवनदायी म्हटलं आणि हात धुवायला मात्र बाटलीतलं पाणी मागितलं. विश्रामबागेतल्या कॉलेजात मी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं, पण मला शेवटच्या रांगेत खुर्ची मिळाली, तीही डुगडुगणारी. माझं शेततळं बोअरच्या पाण्यावर चालतं. ते अर्धं भरलेलं असतं आणि त्यात वीतभर मासे.

पुढच्या हिवाळ्यात त्याची मासेमारी ठरली. पहिला माल भावकीच्या घरोघरी वानवळा म्हणून द्यायचा, ही आमची रीत. आदल्या दिवशी त्याने मला तळं बघायला बोलावलं. मी खोट काढायच्या इराद्यानेच गेलो आणि दुर्दैवाने ती सापडली. मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते, खाद्य तसंच तरंगत होतं. त्याने जाळ्यातून काढून दिलेल्या माशाचा कणा शेपटीकडे वाकडा होता.

"हे वाटू नको," मी म्हणालो. "कारखान्याचं पाणी आहे. त्यातलं शिसं, क्रोमियम माशाच्या कल्ल्यांतून आत जातं, मग यकृतात साठतं. मासा आजारी आहे."

तो हसला. "दादा, जलपूजनाला तुमी फेटा बांधून घेतला न्हाई, तवाच मला कळलं. लय जळतंय व्हय?"

"जळतंय," मी म्हणालो. "पण मासा आजारीच आहे."

"भावजी," पडवीतून भावजय म्हणाली, "पोटात लयच दुखत आसंल तर ओवा देऊ का?"

पंचाईत अशी होती की सगळ्या गावात हे ओळखणारा मी एकटाच होतो आणि माझ्यावर विश्वास न ठेवायला सगळ्यांकडे सबळ कारण होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेरा घरी वानवळा जाणार होता. त्यांत लहान मुलं होती, एक बाळंतीण होती.

मी घरी जाऊन माझ्या तळ्यातला एक वीतभर मासा आणला आणि त्याच्या पडवीत ताटात त्याच्या दांडग्या कटल्याशेजारी ठेवला. दोघांचे कल्ले उघडले. माझ्या माशाचे लालभडक होते. त्याच्या माशाचे चहाच्या चोथ्यासारखे तपकिरी, वर चिकट थर. भावाने बोट लावून पाहिलं, वास घेतला. भावजयीने ओव्याची डबी आत नेऊन ठेवली.

"जाळी गुंडाळा रं," त्याने माणसांना सांगितलं, आणि स्वतः जाऊन ओढ्याकडचा पाइप तोडला.

पाण्याची आणि माशांची तपासणी झाली, त्यातही शिसं आणि क्रोमियमच निघालं. विहिरीपासून लांब खड्डा खणून त्याने सगळा माल पुरला. सगळं गाव बघायला आलं. "हातातला घास सोडला गड्यानं, असा माणूस पायजे!" लोक म्हणाले. त्याच पुढाऱ्याने येऊन त्याला शाल दिली. भाषणात माझा उल्लेख 'एक शेजारी' असा झाला. खुर्ची तीच होती.

या वर्षी वानवळा मी दिला. पहिला वाटा भावाच्याच घरी नेला. भावजयीने प्रत्येक माशाचे कल्ले उघडून पाहिले, मान डोलावली आणि म्हणाली, "निरोगी हायेत भावजी. पण लयच बारीक."