घासून चकचकीत केलेली बेअरिंगं

काकांच्या हातात मळकट वस्तू टिकत नसे. चाळीस वर्षं त्यांनी चष्म्याची भिंगं घासली. दुकान बंद केलं तरी हात काही थांबला नाही. चमचे, दाराच्या कड्या, माझ्या चपलांची बक्कलं, सापडेल ते फडक्याखाली जाई. काकू म्हणायची, "मी एका जागी फार वेळ बसतच नाही. न जाणो, मलाही घासायला घ्यायचे."

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं त्याच आठवड्यात बाबा-काका या दोघा भावांच्या जुन्या गाडीचं इंजिन खडखडायला लागलं. दवाखान्यात निघताना बाबांनी धाकट्या भावाला बजावलं, "घरी न्यायला आपलीच गाडी आण. दुसऱ्या कशात मी बसणार नाही." बाबा दाखल झाले आणि काका मागच्या शेडमध्ये इंजिनाखाली शिरले. झिजलेली बेअरिंगं काढून नवी बसवायची, तीही घरीच. दुसऱ्याला हात लावू देतील तर ते काका कसले! दवाखान्याकडे ते एकदाही फिरकले नाहीत. सख्खा भाऊ आत आणि हे इंजिनाखाली. मी मनातल्या मनात धुमसत होते.

ऑपरेशन पार पडलं. बाबांना गुरुवारी सोडणार होते. सोमवारी दुपारी काकांनी गाडी सुरू केली.

मी मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन पडले होते. दवाखान्यातल्या जागरणांनी झोप कुठली आणि जाग कुठली, काही कळत नव्हतं. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या आत आल्या होत्या आणि त्यांत निळा धूर तरंगत होता. इंजिनाची घरघर अंगातून जात होती. मला वाटलं, आम्ही कधीचे निघालोय, बाबा पुढे बसलेत, रस्ता संपतच नाहीये, आणि तो संपू नये असंच मला वाटत होतं.

"काटा पडला," काका म्हणाले.

ऑइल प्रेशरचा काटा. इंजिन थंड होतं तोवर तो झकास वर होता. गरम होत गेलं तसा उतरला आणि शून्याला टेकायच्या बेतात आला. प्रेशर नाही म्हणजे तेल पोचत नाही, आणि तेल नाही म्हणजे नवी बेअरिंगंही जळणार. काकांनी इंजिन बंद केलं. शेड एकदम इतकी गप्प झाली की मला रडू फुटलं. वेडेपणा, दुसरं काय!

मंगळवारी गल्लीच्या टोकाचे गॅरेजवाले आले. मोजकं बोलणारा माणूस. आधी त्यांनी स्वतःचं मीटर जोडून पाहिलं, पण काटा खोटं बोलत नव्हता. तेल बदललं, तरी तेच. मग खालचं तेलाचं चेंबर उतरवलं, पंप पाहिला, तेल ओढणारी नळी कुठे हवा घेतेय का ते पाहिलं. सगळं ठीकठाक. शेवटी त्यांनी एक बेअरिंग उघडलं. बांगडीचे दोन तुकडे करावेत तशा दोन पातळ पट्ट्या. मी बॅटरी धरली होती. उजेडात त्या अशा लखलखल्या की त्यांत माझं नाक दिसलं. मधेमधे तांबूस झाक होती.

"ही नवीच ना?" गॅरेजवाल्यांनी विचारलं. "नवी करडी असतात. चमकतायत कशी?"

"मी घासली," काका म्हणाले.

"काका, तो करडा थरच तर कामाचा. तो गेला, बेअरिंग आणि आत फिरणारा दांडा यांच्यातली केसाहून बारीक फट वाढली, आणि सगळं तेल तिथून निसटतंय."

"अति तिथे माती," दारातून काकू म्हणाली, आणि काकांचा चेहरा पाहून तिने जीभ चावली.

काका जमिनीवरच बसले. "दादाला आत नेलं ना, त्या दिवशी घासायला घेतली. मला तिथं यायचा धीरच होईना गं. वाटलं, ही चकचकीत झाली की दादा बरा होईल. मग थांबायचीच भीती वाटायला लागली."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला त्यांच्याबद्दल माया वाटली, आणि स्वतःची लाज.

बुधवारी नवी बेअरिंगं आणली. काकांनी दोन्ही हात काखेत घट्ट धरले. "चिमणे, तूच बसव. माझा हात नको." गॅरेजवाले सांगत गेले, मी तेलाच्या बोटांनी बसवत गेले. करड्या पट्ट्यांकडे काका असे बघत होते, जणू समोर ताट आहे आणि डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय. दुपारी इंजिन तासभर चालवलं. चांगलं तापलं, तरी काटा जागचा हलला नाही.

गुरुवारी बाबा पुढच्या सीटवर बसले. त्यांच्या शर्टात दोन बाबा मावले असते. दवाखान्याच्या फाटकाबाहेर काकांनी तिसरा गिअर टाकला, तेव्हा बाबांनी आपला हात त्या गिअरवरच्या हातावर ठेवला. तो काढलाच नाही. मग काकांनीही आपला काढला नाही. चौकात गाडी आचके देत, धापा टाकत बंद पडता पडता राहिली. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवून शिव्या घालत होते. "काका, गिअर!" माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी तोंड मिटलं. तिसऱ्याच गिअरमध्ये आम्ही घरापर्यंत आलो.