पडेल त्यानं चहा टाकायचा

आमच्या खेळात पिस्तुलाच्या पाच गोळ्या खाऊन माणूस उभा राहायचा, आणि शॉकगनचा एक झटका बसला की लढाई संपेपर्यंत आडवा. हा नियम मी लिहिला होता, आणि वर त्याला खऱ्यासारखा म्हणत होतो. मला स्वतःला आयुष्यात शॉक एकदाच बसलेला, गीझरचा. तेव्हा मी आडवा झालो नव्हतो, शिव्या देत बाहेर पळालो होतो. पण दीडशहाण्याला कोण सांगणार?

खेळ कागद-पेन्सिलीचा. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली माणसं होऊन बोलतात, लढतात, आणि मार लागला की नाही ते फासा ठरवतो. गोष्ट चालवणारा मी. राजारामपुरीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये, एक रविवार सोडून एक, दुपारी जमायचो. बायको तेव्हा क्लासमध्ये शिकवायला जायची, त्यामुळं मैदान मोकळं. टेबलाचा एक रिवाज होता. ज्याचं माणूस लढाईत पडेल, त्यानं उठून चहा टाकायचा. नुसतं बसून तरी काय करणार?

वारणानगरच्या एका कॉलेजात शिकवणारे एक सर यायचे. माणूस विद्वान, म्हणजे नियमातलं भोक पहिल्या दिवशी हुडकणारा. त्यांनी पिस्तूल टाकून शॉकगन घेतली, मग सगळ्यांनीच घेतली. ज्यांची मी पानंच्या पानं भाषणं लिहून ठेवलेली, ते माझे खलनायक तोंड उघडायच्या आत आडवे. मी चिडलो. एका चार्जला एकच झटका, असं केलं. सरांनी कमरेला पाच शॉकगन लटकवल्या. "नियमात बसतंय की," म्हणाले. बसत होतं, हीच तर बोंब. मग मी अकलेचा कळस गाठला आणि शत्रूंच्या हातातही शॉकगन दिल्या. आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

आमच्यात इचलकरंजीहून एक बाई यायची. मागाच्या शेडमध्ये कापड तपासायचं काम, त्यातून तिला मोकळा मिळणारा हा एवढाच दिवस. खेळात ती कॅप्टन. दारातून पहिल्यांदा कॅप्टन शिरणार, म्हणजे पहिला झटका तिलाच. दहा मिनिटांत पडली. उठली, चहा टाकला. पुढच्या खेपेलाही तेच झालं. आम्ही दोन-दोन तास लढत होतो आणि चहा फक्कड झालाय म्हणून तिचं कौतुक करत होतो. सांगायलाही लाज वाटते.

तिसऱ्या खेपेला तिनं फासा टाकला, पडली, आणि उठली ती पर्स घेऊनच.

"दादा, तासभर एस्टीत बसून मी हितं च्या टाकाय येत न्हाय," ती म्हणाली. "च्या घरी बी टाकते की. हितं लढाय मिळतंय म्हणून येते. ते मिळणार नसंल, तर परत यायची न्हाय."

नियम सगळ्यांना सारखाच आहे, असं सर पुटपुटले. तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. चप्पल घातली आणि गेली.

ते पान मी फाडलं. नवीन लिहिलं: झटका बसला तर हातातलं हत्यार गळून पडेल, एक डाव जाईल, बास. लागोपाठ तीन बसले तरच आडवा. गीझरनं मला हे कधीच शिकवलं होतं. तिला फोटो पाठवला. "बघते" एवढंच उत्तर आलं. पंधरा दिवस माझ्या जिवाला घोर. ती गेली तर एकेक करून बाकीचेही जाणार, मग खेळात राहणार कोण, पाच शॉकगनवाले सर आणि मी.

आली. आणि माझा मुख्य खलनायक भाषणाच्या दुसऱ्या वाक्याला असताना तिनं कमरेच्या तीन शॉकगन काढून लागोपाठ तीन झटके मोजून हाणले.

"दादा, तुमचा माणूस पडला," ती म्हणाली आणि स्वयंपाकघराकडं बघितलं.

तोवर माझी कितीतरी माणसं पडली होती. चहाचा नियम मलाही लागतो, हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. गुमान उठलो. पातेलं सापडलं, चहापूडही सापडली. साखर काही सापडेना. शेवटी माझ्याच स्वयंपाकघरातून तिला हाक मारून विचारलं.

"वरच्या फळीवर," तिनं बसल्या जागेवरून सांगितलं, "डाव्या हाताचा डबा."