दुखला की काढला

दात हे माणसाला मरेपर्यंत वापरण्यासाठी दिलेले असतात, यावर आमच्या साडूंचा अजिबात विश्वास नाही. त्यांच्या मते दात म्हणजे पाहुणा. नीट वागला तर राहू द्यावा, कुरकुर करायला लागला की वाटेला लावावा. स्वतःच्या तोंडातले निम्मे पाहुणे त्यांनी साठीच्या आतच वाटेला लावले आहेत, आणि याचे त्यांना दुःख तर नाहीच, उलट गड जिंकल्यासारखा अभिमान आहे.

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या गुजरातेतल्या डिंडोलीच्या घरी गेलो, तेव्हाच मला पहिला धक्का बसला. नव्या साडूसाठी त्यांनी सोड्याची बाटली आणली, तिचे बूच दाढेखाली धरले, कट्‌कन उडवले, बाटलीचे तोंड सदऱ्याला पुसले आणि मोठ्या प्रेमाने ती माझ्यापुढे धरली. माझ्याच दाढेतून कळ निघाली. घरात बाटली उघडायची चावी होती. ती भिंतीवर खिळ्याला लटकत होती. “ती बायामाणसांसाठी शे,” साडू म्हणाले.

पस्तीस वर्षे ते लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कारागीर आहेत. मागावरची तार, म्हणजे धागा, तुटली की दोन टोके जोडायची, गाठ मारायची आणि उरलेला दोरा तोडायचा. कात्री खिशात असते, पण ती काढेपर्यंत माग थांबतो, म्हणून दोरा दातांनी. दिवसातून शंभर वेळा तरी हे होत असेल. त्यामुळे त्यांच्या पुढच्या एका दाताला सुईच्या नेढ्याएवढी खाच पडली आहे. मी हळहळलो, तर म्हणाले, “आते बरोबर बसस दोरा!” साड्यांच्या गठ्ठ्याची सुतळी, औषधाचे पाकीट, मोबाइलच्या वायरचे आवरण, सगळे ते याच खाचेने सोडवतात. सकाळी दातांना तपकीर लावतात. रात्री दात घासा असे मी एकदा सुचवले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांना झोपताना बूट घालायला सांगितले होते.

पण त्यांची खरी कीर्ती दुधाच्या दातांची. गल्लीत कोणाच्या पोराचा दात हलायला लागला, की आई त्याला साडूंकडे धाडते. ते लूमवरचा पोलिएस्टरचा दोरा दाताला गुंडाळतात, पोराकडे मामाच्या गावाची चौकशी करतात आणि उत्तराच्या मध्यावर हिसका देतात. दात हातात, पोर अवाक्. मग तो दात स्वतःच पत्र्यावर फेकून उंदराला नवा, पांढराशुभ्र दात पाठवण्याचा हुकूम सोडतात. हा सोहळा मी एकदा समोर बसून पाहिला आणि त्या दिवशी जेवलो नाही. आमच्या घरात मुले असती तर मी त्यांना डिंडोलीची हद्द ओलांडू दिली नसती. गल्लीतली पोरे मात्र त्यांच्यावर जीव टाकतात, हेही खरे.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या आठ वर्षांच्या नातीची दाढ ठणकायला लागली. गाल सुजला, पोर रडून रडून अर्धी झाली. साडूंनी बॅटरी मारून पाहिले आणि निकाल दिला, “दूधनी शे. काढी टाकूत, नवी येई जाई.” दाढ काही हलत नव्हती, म्हणून दोऱ्याने भागणार नव्हते. मग दवाखाना. मला गुजराती बरे येते, म्हणून मला बरोबर घेतले. रिक्षात साडू, त्यांची मुलगी म्हणजे नातीची आई, नात आणि मी. साडू वाटेत नातीला समजावत होते, “कसाले घाबरस? येक मिनिटनं काम शे.”

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. साडूंनी पोरीला खुर्चीत बसवतानाच फर्मावले, “बेन, ये दूध की है, निकाल दो.” बाईंनी तपासले आणि हातातला आरसा खालीच ठेवला. “काका, आ तो पाकी दाढ छे. ये दूध की नहीं है.”

“आठ सालनी पोरले पक्की दाढ?” साडू माझ्याकडे वळले. खरे सांगतो, मलाही ठाऊक नव्हते. बाईंनी समजावले, की ही दाढ सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून घरात कोणाला पत्ता लागत नाही. ती जन्मभराची असते. काढली तर दुसरी येत नाही, शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात आणि माणूस एका बाजूने चावायला लागतो. रात्री दात घासले असते, सुरुवातीचा काळा ठिपका दिसताच भरून घेतला असता, तर इतके दुखलेच नसते. अजून वाचेल, पण तीन-चार वेळा यावे लागेल.

  साडूंनी हळूच मुलीकडे बोट केले. “बेन, इसका भी देखो.” मुलगी नको नको म्हणत तोंडावर हात धरून हसली. शेवटी तिने तोंड उघडले. खाली, डाव्या बाजूला, तीच जागा रिकामी होती. मागची दाढ पुढे झुकली होती.

ती नऊ वर्षांची असताना साडूंनी तिला बाजारातल्या दातवाल्याकडे नेऊन ती दाढ काढवली होती. तेव्हाही म्हणाले होते, दूधनीच शे, नवी येई जाई.

“तू मले कधी सांगं नही,” साडू म्हणाले. 

“काय सांगू, आप्पा? मी रोज आरसामा पाहू, नवी दाढ उनी का म्हणीसन. दोन-तीन वरीस पाहं.” ती अजून हसतच होती. “तुम्हीन सांगेल व्हतं ना, येई म्हणून.”

बाईंनी सुई भरली. साडूंनी नातीचा हात धरला, पण डोळे मुलीच्या चेहऱ्यावरून हलवले नाहीत. इतकी वर्षे मी या माणसाच्या गमती घरोघरी सांगत हिंडलो. त्या दिवशी मात्र त्यांच्याकडे पाहणे मला अवघड झाले. नातीने विचारले, “आबा, काढतीन का आते?”

“नही, माय,” साडू म्हणाले, “आते काहीच काढानं नही.”