दोन तासांचे पाहुणे

सोनईहून शिंगणापूरला जाताना उसाच्या कडेला आमचा आठ खोल्यांचा लॉज लागतो. चार खोल्या खाली, चार वर आणि मागे आमचं राहतं घर. लॉज नवा होता तेव्हा लोक एसटीने, जीपने यायचे, शनिदेवाचं दर्शन घ्यायचे, रात्री मुक्काम करायचे आणि सकाळी शिर्डीला निघायचे. गच्चीवर नऊवारीपासून पंजाबी ड्रेसपर्यंत सगळं वाळत असायचं. मी लग्न होऊन आले ती वस्तीवरच्या घरात. बोलायला दोन म्हशी आणि एक नवरा, आणि तिघांत म्हशी जरा जास्त बोलक्या. लॉज झाला आणि बोलायला माणसं मिळाली. खानदेशातल्या एका बाईने मला शेवभाजी शिकवली, कोकणातल्या एका आजीने माझ्या आमटीला नावं ठेवली. दोघी मला अजून आठवतात.

मग रस्ते सुधारले, घरोघरी गाड्या आल्या. सकाळी घरून निघायचं, शिर्डी करायची, शिंगणापूर करायचं आणि रात्री आपल्याच गादीवर जाऊन पडायचं, असं सुरू झालं. आमच्याकडे गाडी थांबलीच तर काच खाली करून आधी सांगायचे, "फक्त फ्रेश व्हायचंय." नवऱ्याने लगेच वारं ओळखलं. माणूस पायरीवर चढायच्या आत तो काउंटरवरून विचारायचा, "किती तास?" लोक सांगायचे, दोन. दोन तास झाले की हा दारासमोर बादली आणि खराटा नेऊन ठेवायचा. तोंडाने एक अक्षर नाही. बादली जरा जोरात ठेवायचा, एवढंच. आत कोणी केस विंचरत असेल तर अर्ध्या भांगावर बाहेर यायचं.

मला ते बघवायचं नाही. आमच्या माहेरी काय, सासरी काय, आलेल्या माणसाला 'कधी निघणार' हे विचारत नाहीत. पाहुणा चार दिवस राहिला, घरातली साखर संपली, तरी विषय काढायचा नाही. तो पिशवी उचलेल तेव्हा आपण "एवढ्यात?" म्हणायचं. नवऱ्याला मी हे किती वेळा ऐकवलं. त्याचं एकच उत्तर, "ते पाव्हनं, हे गिऱ्हाईक."

गेल्या हिवाळ्यात सरकारी कामासाठी एक मुलगी आली. लॉजमध्ये किती लोक येतात, किती राहतात, याची माहिती गोळा करत होती. नवऱ्याने छाती फुगवून सांगितलं, "शनिवारी तर खोली रिकामी म्हणून राहत न्हाई." तिने फॉर्मवर लिहून घेतलं आणि विचारलं, "सरासरी किती रात्री राहतात?" नवरा तासाचं सांगू का म्हणाला. ती म्हणाली, "काका, तासाला इथे जागाच नाहीये." तिने रात्रींच्या रकान्यात एक रेघ मारली, चहा घेतला, आभार मानले आणि गेली. वागायला फार गोड होती. पण ती रेघ नवऱ्याच्या डोक्यात बसली.

जेवताना तो म्हणाला, "रात्रीला कोन राहतच न्हाई, तर लॉज कशाला म्हनायचं? न्हाणीघर म्हना." आणि दोन दिवसांनी मला न विचारता बोलणी करून आला. नेवाशाचा एक ठिबक आणि पाइपांचा दुकानदार रस्त्यावर जागा शोधत होता. खाली दुकान, वर गोदाम. येत्या रविवारी तो मापं घ्यायला येणार होता.

मी भांडले. चांगलं दोन दिवस भांडले, आणि भांडून झाल्यावर रडलेसुद्धा. लॉज गेला तर आपण पुन्हा वस्तीवरच्यासारख्या मुक्या दुपारी काढत बसणार, एवढंच मला दिसत होतं. नवरा म्हणाला, "पाइपाला काय झालं? तिथं बी माणसंच येत्यात." मी म्हटलं, "पाइप घेणारा माणूस आमटीला नावं ठेवायला बसतो का?"

त्याच आठवड्यात आमच्या उसाला तोड आली. टोळी शेतात उतरली की मालकाला बांधावर उभं राहावंच लागतं, त्यामुळे शनिवारी काउंटर माझ्याकडे आलं. आणि शनिवार कसला, अमावास्येचा. दोन्ही एका दिवशी आले की आमच्या रस्त्याला मुंगीलासुद्धा वाट मिळत नाही. जाताना नवरा तीनदा बजावून गेला, "आधी तास इचार. मग किल्ली दे."

पहिली गाडी आली. आजी, मुलगा, सून, दोन पोरं. माझ्या ओठांवर 'किती तास' आलं आणि तिथेच अडकलं. आजीने पायरीवर चढताना माझा हात धरला होता. हातात हात असताना कसं विचारणार? मी म्हटलं, "या, पाणी तापलंय." पुढच्यांना विचारू म्हटलं, तर पुढच्या बाईच्या कडेवर झोपलेलं बाळ. त्याच्या पुढचे कोल्हापूरचे, तेच मला आधी विचारायला लागले, जेवलात का म्हणून. दुपारपर्यंत आठही किल्ल्या गेल्या आणि मी एकाही माणसाला तास विचारला नव्हता.

माझा अंदाज होता की लोक आपले आपण निघतील. कोणी निघेना. आजीचे पाय चेपून झाले, पोरं गच्चीवर खेळायला लागली, कोल्हापूरकरांनी उसाच्या फडाकडे एक फेरी मारली. बादली वाजत नाही म्हटल्यावर कोणाला घाईच राहिली नाही. संध्याकाळी मी चुलीवर बाजरीच्या भाकरी टाकायला घेतल्या, तर वरून विचारणा झाली, "आमच्याही टाकाल का?" मला इतका आनंद झाला की मी पीठ मळतच सुटले.

आणि दिवेलागणीला नागपूरचं जोडपं दारात उभं राहिलं. साठी उलटलेली दोघं, हातात एकेक पिशवी. तेव्हा मला आठवलं, चार दिवसांपूर्वी त्यांचा फोन आला होता. शनिवारची खोली मीच त्यांना कबूल केली होती. दिवसभराच्या प्रवासाने थकलेली माणसं, आणि माझ्याकडे एक खोली नाही. 'कधी जाणार' न विचारण्याचा हा परिणाम. नवऱ्याचं बरोबर होतं, हे मला तेव्हा कबूल करावं लागलं. त्याच्यासमोर अजून केलेलं नाही.

मी त्यांना खोटं सांगितलं नाही. माझी चूक झाली म्हटलं आणि मागे घरात नेऊन आमचीच खोली उघडून दिली. चादर बदलली, नवऱ्याचे सदरे खुंटीवरून काढले. बाई म्हणाल्या, "अहो, तुमचं घर आहे हे, असं कसं?" मी म्हटलं, "घरच हाय. लॉजपेक्षा वाईट न्हाई."

थोड्या वेळाने नवरा फडातून आला. अंगभर पाचट, केसांत धूळ, हातावर पात्यांचे ओरखडे. मी भाकरी उलटत होते, सांगायच्या आत तो सरळ खोलीत शिरला. कॉटवर एक अनोळखी गृहस्थ मांडी घालून बसलेले. त्यांनी याला नखशिखांत पाहिलं आणि प्रेमाने म्हणाले, "या नं, बसा. थकलेले दिसता."

आणि हा बसला! स्वतःच्या घरात, स्वतःच्या कॉटच्या कडेला, अंग चोरून. मी दारातून बघत होते, हसू आवरेना. गृहस्थांना ऊस कसा तोडतात ते ऐकायचं होतं. आमच्या घरात हा विषय ऐकायची कोणाची तयारी नसते. नवरा तोडीपासून सुरू झाला तो कारखान्याच्या काट्यापर्यंत पोचला, भाकरी गार झाली तरी थांबेना. शेवटी गृहस्थ म्हणाले, "उद्या दाखवता का? आमची काही घाई नाही." नवऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पातेल्यात बघितलं.

सकाळी दुकानदार टेप घेऊन हजर. खोली क्रमांक एक, दाराशी चपला. दोन, चपला. वर गेला, तिथेही चपला, आणि कोल्हापूरकरांनी जिन्यातच त्याला पोहे खायला बसवलं. नवरा म्हणाला, "थांबा जरा, उठत्याल." दुकानदार ओट्यावर खुर्ची टाकून बसला. समोर आजी नातीची वेणी घालत होती, नागपूरच्या बाई माझ्याबरोबर मेथी निवडत होत्या. दुकानदार टेप हातात फिरवत कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. मग बोटांवर खोल्या मोजायला लागला.

"वहिनी, संडास-बाथरूम समद्या खोल्यांत हाय का?"

मी म्हटलं हाय.

"न्हाई, थोरल्याचं लगीन धरलंय. पूर्वी पाव्हनं शाळेत झोपायचं, शेजाऱ्यांकडं झोपायचं. आता शेजारीच म्हनतो, आमचंच पाव्हनं येनार हायेत. आन् सूनबाईकडची मानसं पुन्याची. त्यांना खाली झोपवून कसं चालंल?" त्याने टेप खिशात घातला. "समद्या खोल्या लागतील मला. दुकानाचं काय ते लगीन झाल्यावर बघू."

मी मेथी तशीच ठेवून नवऱ्याकडे बघितलं. तो काउंटरमागे गेला, वही उघडली, चष्मा लावला. आता विचारणार किती तास, असं मला वाटलं.

"देतो की," तो म्हणाला. "पन दोन रात्रींच्या खाली न्हाई देत आमी. आन् दुकानासाठी दुसरी जागा बघा."