देसले सरांची चुकलेली यादी

मंगीचा फोन आला तेव्हा मी मुरबाडला माझ्या खिडकीवर बसले होते. खिडकी म्हणजे दाखल्यांची खिडकी. समोर रांग, पुढ्यात कॉम्प्युटर आणि पहिल्या नंबरावरच्या आजोबांचा दाखला अर्धा टाइप झालेला. मंगी माझी थोरली बहीण, शहापूरकडे दिलेली. कामाच्या वेळेत ती कधी फोन करत नाही. "देसले सर वारले गो," ती म्हणाली, "सकाळीच, सापगावला. परसात झाडांना पानी घालीत व्हते, खाली बसले ते बसलेच..." माझी बोटं तशीच की-बोर्डवर राहिली. आजोबा काचेतून वाकून म्हणाले, "काय गो बाय, लाइट गेली काय?" मी म्हटलं, हो बाबा, गेली. आणि उठून मागच्या व्हरांड्यात जाऊन रडून आले.

आता महिना उलटून गेला. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल लिहायचं तर जरा गंभीर चेहरा करून लिहावं म्हणतात. मला ते जमायचं नाही, कारण सर आठवले की पहिल्यांदा हसूच फुटतं. आमचं हायस्कूल टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला. सर गणित आणि विज्ञान शिकवायचे, गावात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी एसटीने सापगावला घरी जायचे. मी नववीत होते त्या वर्षी कल्याणच्या एका ऑफिसने आपला जुना कॉम्प्युटर शाळेला देऊन टाकला. तो आणायला सर एकटेच गेले. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, खोका टपावर टाका." सर म्हणाले, "खोका नाही हो, कॉम्प्युटर आहे." "मग काय मांडीवर घेणार?" "घेणार!" आणि खरंच, बायकोच्या गोधडीत गुंडाळलेला तो मॉनिटर मांडीवर घेऊन सर कल्याणपासून आले. खालचा डबा पायांत आणि की-बोर्ड शेजारच्या भाजीवाल्या मावशीच्या ओटीत! स्टँडवर उतरले तेव्हा पाय इतके बधिर झालेले, की दोन मिनिटं त्यांना उभंच राहता येईना. पण चेहरा असा, जणू घरी पहिलं लेकरू आणलंय.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात टेबल लागलं. चपला बाहेर, पाय पुसून आत, आणि लाइट असेल तोवरच तास. कधी लाइट येई आणि मराठीचा तास चालू असे, तर सर दारातून नुसती मान हलवायचे आणि आम्ही सगळे सुटायचो. बाई बिचाऱ्या खडू हातात धरून बघत राहायच्या. पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाचं नाव पडद्यावर टाइप करून दाखवलं. बत्तीस मुलं, बत्तीस नावं. स्वतःचं नाव तसं उजळून आलेलं बघितलं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. घरी येऊन मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? पुसला काय परत?" पुसलं होतं. पण मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. आम्ही अक्षरशः वेडे झालो होतो. की-बोर्डचं चित्र वहीत काढून त्यावर बोटं आपटत बसायचो, जेवताना ताटाच्या काठावरसुद्धा. माझी बोटं सगळ्यात भरभर चालायची, हे आजही मी मान वर करून सांगते.

पुस्तकात एक धडा होता, माहिती तंत्रज्ञान आणि समाज. परीक्षेला एक प्रश्न हमखास, म्हणून बाकीच्या शाळांत तो पाठ करायचे. सरांना पाठांतराचा तिटकारा. त्यांनी विचारलं, "समाज म्हणजे कोण? तुमच्या पाड्यावर या यंत्रामुळे कोणाचं काय बदलेल?" आम्ही वह्यांत डोकी घातली. मग ते स्वतःच टेबलावर थाप मारून म्हणाले, "चला, करून बघू. आपण आपल्या पाड्यांची यादी करायची. घराघरात जायचं, माणूस न् माणूस लिहायचा, आणि यादी कॉम्प्युटरवर चढवायची." एवढा उत्साह मी नंतर कधी बघितला नाही. दर सुट्टीत आम्ही वह्या घेऊन हिंडत होतो. नाव, बाई की पुरुष, शिक्षण, काम, जन्मतारीख. कुत्री मागे लागत होती, म्हाताऱ्या चहा करत होत्या, आणि आपलं नाव कॉम्प्युटरमध्ये जाणार म्हणून एका आजीने तर लुगडं बदलून येऊन नाव सांगितलं.

अडलं ते जन्मतारखेपाशी. आमच्या पाड्यावर जन्म तारखेला होत नाही, हंगामाला होतो. कुणी लावणीत झाला, कुणी भात झोडताना, कुणी करवंदं पिकली तेव्हा. आणि कॉम्प्युटरला करवंदं चालेनात! तो रकाना मोकळा ठेवला की पुढेच जाऊ देईना. शेवटी मीच शहाणी म्हणाले, "सर, एक जून टाकू. आमची सगळ्यांची शाळेत तीच आहे." वर्ग खो खो हसला, कारण गुरुजींनी शाळेत घालताना बहुतेकांना एक जूनच दिली होती. सरही हसले. म्हणाले, "अरे, माझीपण तीच! टाका एक जून. वर्ष अंदाजाने टाका." झालं. मी टाइप करणारी, मीच अंदाज करणारी. ज्याचे केस पांढरे तो साठ, जिच्या कडेवर पोर ती वीस-बावीस. आमच्याच घराशी आले तेव्हा मंगीचं नाव आलं. मंगी शाळेत कधी गेलीच नव्हती. माझ्या पाठची दोन भावंडं तिनेच वाढवली, दोन हंडे एकावर एक घेऊन ती नदीवरून यायची, भाकऱ्या थापायची. मला ती मोठीच वाटायची. अठरा, मी लिहिलं. त्या दिवशी आम्हा यादीवाल्यांना तांब्याभर पाणी तिनेच आणून दिलं होतं, समोर उभी होती. तरी मी तिला विचारलं नाही.

यादी छापली त्या दिवशी अख्खी शाळा खिडक्यांना लटकली होती. सरांनी कुठूनसा मागून आणलेला प्रिंटर कर्र कर्र करत असा काही ओरडायचा की बस! कागदाच्या कडेच्या भोकाभोकांच्या पट्ट्या फाडून मुलींनी हातात बांगड्या घातल्या. यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. माणसं कामं टाकून बघायला आली. वाचता येत नव्हतं त्यांनी आम्हालाच धरलं. "माजा नाव कुठं हाय गो? दाव ना!" आम्ही ओळ दाखवायचो आणि ती माणसं त्या ओळीवर बोट ठेवून उगाचच हसत उभी राहायची. सर लांबून बघत होते. त्यांचे डोळे भरले होते, मी बघितलं.

आठेक दिवसांनी माझे बाबा शाळेत आले. त्यांना आमच्या घराच्या ओळींचा कागद हवा होता, शिक्क्यासकट. सरांनी लगबगीने छापून दिला, मुख्याध्यापकांकडून शिक्का आणला, आणि बाबा गेल्यावर मला म्हणाले, "बघितलंस? यादी कामाला आली! ह्यालाच समाजावर परिणाम म्हणतात." मला तर आकाश ठेंगणं झालं. संध्याकाळी घरी गेले तर ओटीवर पाहुणे बसलेले. मंगीचं लग्न ठरलं होतं. मुरबाडकडे सामुदायिक विवाह होणार होते, तिथे मुलीच्या वयाचा कागद लागत होता आणि मंगीचा जन्मापासून एकही कागद नव्हता. आता झाला होता. बाबांनी तो पाहुण्यांपुढे धरला आणि म्हणाले, "आता कोन बोलंल? कॉम्पुटर खोटा बोलतंय काय?" बाबा वाईट नव्हते. चांगलं स्थळ आलं होतं आणि घरात आम्ही चार भावंडं होतो. मंगी चुलीपाशी बसून फुंकणीने जाळ करत होती. जाळ झाला तरी फुंकत होती. तो आकडा कॉम्प्युटरने नव्हता लिहिला, मी लिहिला होता.

सकाळी प्रार्थनेआधीच मी सरांना गाठलं. म्हटलं, "सर, मंगी अठराची नाय." ते म्हणाले, "मग किती?" म्हटलं, "म्हायती नाय." "मग आपण लिहिलं कसं गं?"... आपण म्हणाले. तू नाही म्हणाले. त्या एका शब्दासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे. त्याच दुपारी शाळा सुटल्यावर ते पाड्यावर चालत आले. बाबा घरी नव्हते. सरांनी आधी आवारात मंगीशी काहीतरी बोलणं केलं, मग ओटीवर बसून आईला विचारलं, "मंगल कधीची?" आई म्हणाली, "भात झोडीत व्हतो तवाची." "कोणत्या वर्षी?" "वरीस कुठला ठावं आमाला? सुनीच्या जोडीची हाय ती. दोनच दिस मागंपुढं." आमच्याकडे वय असंच सांगतात, कोण कोणाच्या जोडीचं ते. ही जोडी कधी चुकत नाही, कारण दोन्ही आयांच्या पाचवीची जेवणं एकमेकींकडे झालेली असतात. आणि सर टुणकन उठलेच! सुनी म्हणजे शेजारची, आमच्याच शाळेत दहावीला. तिची आई अडली होती म्हणून तिला मुरबाडच्या दवाखान्यात नेलं होतं, आणि पाड्यावर ती एकटीच अशी पोर होती जिचा जन्माचा कागद होता, खऱ्या तारखेचा. सुनीच्या आईने तो पत्र्याच्या पेटीतून काढून दिला. सुनीला पंधरा पूर्ण होऊन थोडे महिने झाले होते. म्हणजे मंगीलाही तेवढेच.

रविवारी देवळापुढे बैठक होती, विवाहाची नावं पक्की करायला. सर त्या शनिवारी घरी न जाता थांबले आणि यादी घेऊन गेले. मी खांबाआड उभी होते. सर उभे राहून म्हणाले, "ही यादी चुकीची आहे. वर्षं आम्ही अंदाजाने टाकली. मुलांना मी तसं सांगितलं, चूक माझी. मंगलला पंधरा पुरती झाली आहेत, हा सुनीचा कागद आणि ह्या दोघींच्या आया." बाबा ताडकन उठले. कुणीतरी ओरडलं, "म्हंजे मास्तर, बाकीचीबी खोटीच काय?" सर म्हणाले, "हो. बाकीचीही." आणि लोक हसले हो! ज्या माणसाने तो कॉम्प्युटर मांडीवर आणला, त्याला भर देवळापुढे हसले. सरांनी खिशातून पेन काढलं, यादीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली आणि खाली सही केली. हसणं आपोआप थांबलं. मंगीचं नाव कमी झालं, पाहुण्यांनी दुसरं घर बघितलं. बाबा माझ्याशी होळीपर्यंत बोलले नाहीत. मुख्याध्यापक सरांना काय बोलले ते आम्ही भिंतीआडून ऐकलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसरा कोणी असता तर कॉम्प्युटरवर फडकं टाकून मोकळा झाला असता. सर सोमवारी वर्गात आले, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "आता धडा खरा सुरू होतोय. नवीन यादी!" तिच्यात एक रकाना वाढला, कोणाच्या जोडीचा. तारीख माहीत नसेल तिथे सरळ लिहायचं, माहीत नाही. मोकळ्या रकान्यावर अडणारा तो कॉम्प्युटर सरांनी दोन दिवस खपून सरळ केला. काय मजा आली त्या यादीला! एकाची गाठ दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, असं करत आम्ही एका आजोबांना पार पाटाला पहिलं पाणी आलं त्या वर्षापर्यंत नेऊन पोचवलं. ती दुसरी यादी करताना मी जे शिकले त्यावरच आज पोट भरते आहे. मंगीचं लग्न पुढे चार वर्षांनी झालं, मुलगा तिने स्वतः बघून. त्याआधी सुनीकडून ती लिहायला-वाचायला शिकली होती.

दहाव्याला आम्ही दोघी सापगावला गेलो. परतताना एसटीत मंगीला मी इतक्या वर्षांनी विचारलं, "त्या दिवशी आवारात सर तुला काय म्हणाले होते गं?" ती म्हणाली, "त्यांनी इचारला, मंगल, तुला लगीन करायचाय काय? मी म्हटला, नाय." आणि अगदी सहज, "तवर मला कुनी इचारलाच नव्हता. बाबांनी नाय, आयनी नाय... तू बी नाय."

मुरबाड आलं, मी उतरले, ती पुढे माहेरी गेली.

खिडकीवर आता मी एक करते. दाखला छापायच्या आधी पडदा फिरवून समोरच्या माणसाकडे करते. वाचता येत नसेल तर ओळ न् ओळ मोठ्याने वाचते आणि विचारते, हे तुमचंच ना? असंच आहे ना? दर माणसामागे पाच मिनिटं जातात. साहेब घड्याळ दाखवतात, मागची रांग कुरकुरते. कुरकुरू दे.